श्वासातला आकडा बघून पंपाचा डोस ठरवायचा का? फेनो टेस्टबद्दल तुमचं मत काय

केतकीचं_बन:

मुद्दा सरळच मांडते. दम्याच्या पेशंटला "आता कसं वाटतंय" एवढंच विचारून पंपाचा डोस कमी-जास्त करायची पद्धत बंद व्हायला हवी. फेनो म्हणजे श्वासातला एक वायू मोजून श्वासनळीची सूज ओळखायची टेस्ट आहे, पाच मिनिटांत होते, सुई नाही काही नाही, मग ती न करता अंदाजाने डोस का ठरवायचा? असं का म्हणते ते सांगते, जरा मोठं आहे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. सहाव्या वर्षापासून स्टेरॉईडचा पंप चालू आहे, स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) लावून. गेल्या वर्षी जूनमधे आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं, खोकला आहे का? नाही. रात्री उठतो का? नाही. खेळताना धाप लागते का? नाही. मग म्हणाले छान, डोस अर्धा करूया. आम्ही पण खूश, कारण कुठल्या आईला मुलाला रोज स्टेरॉईड द्यायला आवडतं. ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या आसपास, रात्री दोन वाजता तो बेडवर उठून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती आणि बोलताना एका वेळी दोनच शब्द येत होते. दोन रात्री अ‍ॅडमिट, नेब्युलायझर, पोटातून स्टेरॉईड. जे स्टेरॉईड कमी करायला गेलो त्याच्या कितीतरी पट ते चार-पाच दिवसांत पोटात गेलं.

नोव्हेंबरमधे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांच्याकडे फेनोचं मशीन होतं. तोपर्यंत डोस परत पूर्वीएवढा केला होता आणि मुलगा बाहेरून एकदम ठणठणीत, वेटिंग रूममधे पळापळी चालू. त्या मशीनवर फुंकताना स्क्रीनवर एक चित्र असतं, ते दोन रेषांच्या मधे राहील इतक्याच जोराने सलग सहा सेकंद फुंकायचं, जोरात फुंकलं तर वर जातं, हळू फुंकलं तर खाली पडतं. पहिल्या दोन वेळा फुकट गेलं, तिसऱ्यांदा कान लाल होईपर्यंत फुंकला आणि जमलं. आकडा आला ६२. लहान मुलांत ३५ च्या वर म्हणजे जास्त, २० च्या खाली म्हणजे कमी. म्हणजे पोरगं पळतंय, हसतंय आणि आत श्वासनळ्यांना सूज तशीच. प्रश्न विचारून ही सूज कधीच कळली नसती. मग उपचार नीट केले, जानेवारीत आकडा २४ झाला, उन्हाळ्यात आकडा बघत बघतच डोस एक पायरी खाली आणला आणि अजून तरी एकही अटॅक नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्या श्वासातून नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू अगदी थोडा बाहेर पडतो. अ‍ॅलर्जीच्या प्रकारचा दमा असेल तर श्वासनळीच्या आतलं अस्तर तो जास्त बनवायला लागतं. मशीन शंभर कोटी भागांत किती भाग ते मोजतं. स्वीडनमधे १९९१ ला माणसाच्या श्वासात हा वायू असतो हे पहिल्यांदा दाखवलं आणि दोन वर्षांत दमेकऱ्यांमधे तो वाढलेला असतो हेही कळलं. म्हणजे तीस वर्षं झाली की! शुगरवाल्याला कोणी "गोड वाटतंय का" विचारून गोळी ठरवतं का? मग दम्यातच असं का?

माणदेशी_डॉक्टर:

ताई, मुलगा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. पण तुमच्या मुद्द्याला माझा विरोध आहे आणि स्पष्ट लिहितो. मी सातारा जिल्ह्यात एकोणीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. माझ्याकडे फेनो मशीन नाही आणि उद्या कोणी फुकट दिलं तरी माझ्या पेशंटचं पहिलं दुखणं त्याने सुटणार नाही.

एक उदाहरण देतो. एक आजोबा चार महिने "औषध लागू पडत नाही" म्हणत येत होते. मी कॅप्सूल बदलली, ताकद वाढवली, तरी छातीत शिट्टी तशीच. शेवटी म्हटलं बाबा माझ्यासमोर घेऊन दाखवा. त्यांनी खिशातून रोटाकॅप काढली, जिभेवर ठेवली आणि मागून पाणी प्यायले. ओढायची कॅप्सूल चार महिने गिळत होते! चूक त्यांची नाही, माझी, मी दाखवून घेतलं नव्हतं. आता विचार करा, या आजोबांची फेनो केली असती तर बहुतेक भरपूर आली असती आणि आकडा बघून औषध ठरवणारा डॉक्टर काय करतो? ताकद वाढवतो. म्हणजे आणखी मोठी कॅप्सूल पोटात.

शुगरची तुलना पण बरोबर नाही. शुगर हाच मधुमेहाचा मूळ आजार आहे. नायट्रिक ऑक्साईड म्हणजे दमा नाही, एका प्रकारच्या सुजेची ती खूण आहे. आणि खूण बघून उपचार केले तर पेशंटचं भलं होतं का, हे वेगळं तपासावं लागतं. ते तपासलंय. इंग्लंड-स्कॉटलंडकडे राॅसेनो नावाचा अभ्यास झाला, २०२२ ला प्रसिद्ध झाला, अटॅक येऊन गेलेली ६ ते १५ वर्षांची ५०९ मुलं, अगदी तुमच्या मुलासारखी. अर्ध्यांचे उपचार लक्षणं बघून, अर्ध्यांचे लक्षणं अधिक फेनो बघून. वर्षभरात फेनोवाल्या गटात ४८.२ टक्के मुलांना अटॅक आला, दुसऱ्या गटात ५१.४ टक्के. हा फरक नसल्यातच जमा. त्याआधी अमेरिकेत शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या ५४६ पोरांवर असाच अभ्यास झाला होता, २००८ ला छापून आला. तिथे फेनोवाल्यांना स्टेरॉईड जास्त दिलं गेलं आणि लक्षणांत म्हणावा असा फायदा नाही. मग ही टेस्ट गळ्यात का मारायची?

जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात. ती माणसं फेनो न केल्यामुळे मरत नाहीत. स्टेरॉईडचा पंप कधी मिळालाच नाही, किंवा "सवय लागेल" म्हणून सोडला, किंवा नुसता निळा, तात्पुरता आराम देणारा पंप ओढत राहिले म्हणून मरतात.

लेस्टरकर:

मी इंग्लंडमधे राहते, मूळची सांगलीची, दमा लहानपणापासून. इथे माझ्या जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, वर्षातून एकदा दम्याची तपासणी असते, ती डॉक्टर नाही तर दम्याची नर्स करते आणि त्यात आता फेनोपण असते. नोव्हेंबर २०२४ ला इथली नवी गाईडलाईन आली, त्यात मोठ्या माणसांसाठी ठरलेल्या तपासणीच्या वेळी आणि औषध बदलायच्या आधी व नंतर फेनोचा विचार करा असं म्हटलंय. निदानालापण वापरतात, मोठ्यांत ५० किंवा जास्त आणि लक्षणं दम्याची असली तर तेवढ्यावर दमा धरतात.

माझा अनुभव सांगते. गेल्या खेपेला माझा आकडा आला ७१. मला तर काही त्रास नव्हता. नर्सने डोस वाढवला नाही, डॉक्टरसाहेब हे तुमच्यासाठी लिहितेय. तिने कॉम्प्युटरवर बघितलं की मी वर्षात किती पंप उचलले. बारा हवे होते, पाच होते. माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "रोज घेणं अवघड जातंय का?" आणि मला रडूच आलं, कारण सासूबाई आजारी होत्या, दोन नोकऱ्या चालू होत्या, मी स्वतःचं औषध विसरत होते आणि कोणाला सांगतही नव्हते. "कसं वाटतंय" विचारलं असतं तर मी "मस्त" म्हणाले असते, दरवर्षी तेच म्हणत आले. आकडा समोर होता म्हणून खोटं बोलता आलं नाही.

बेलफास्टच्या डॉक्टरांनी तर हे पद्धतशीर केलंय, फेनो जास्त असलेल्या पेशंटला आठवडाभर समोर औषध घ्यायला लावायचं, आकडा धाडकन खाली आला तर समजायचं की औषध चांगलं आहे, फक्त पोटात, म्हणजे छातीत, जात नव्हतं. महागड्या इंजेक्शनकडे वळायच्या आधी हे कळलं तर किती फरक पडतो!

पारसिक:

मी विरोधात. आणि माझा विरोध पुस्तकी नाहीये.

वय ४६, वजन ९८ किलो, दमा चाळिशीनंतर लागला. अ‍ॅलर्जी कुठलीच नाही, सगळ्या टेस्ट निल. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात फेनो केली, १८ आली. मोठ्यांत २५ च्या खाली म्हणजे कमी. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले सूज नाहीये तुम्हाला, पंप कमी करा, वजन उतरवा. मी सांगत होतो की साहेब मला जिना चढताना मधे थांबावं लागतं, रात्री तीनला खोकल्याची उबळ येते. ते रिपोर्टकडेच बघत होते, माझ्याकडे नाही. तीन आठवड्यांनी ठाणे स्टेशनच्या पुलावर बसलो तो उठताच येईना, दोन अनोळखी पोरांनी रिक्षात घातलं. चार दिवस आयसीयूत.

नंतर दुसऱ्या छातीच्या डॉक्टरांनी समजावलं की सगळ्या दम्यात हा वायू वाढत नाही. माझ्यासारखा प्रकार असेल, वजन जास्त असेल, माणूस सिगरेट ओढत असेल, तर आकडा कमी येऊ शकतो, म्हणून दमा कमी आहे असं नाही. आता केतकीताई तुम्ही म्हणता आकडा बघून ठरवा, म्हणजे उद्या माझ्यासारखे किती जण "आकडा चांगला आहे" ऐकून घरी जातील आणि त्यांना पुलावर उचलायला दोन पोरं भेटतीलच असं नाही. मी आता रोज सकाळी पीक फ्लो मीटरवर फुंकतो, वहीत लिहितो. काही शे रुपयांचं प्लास्टिकचं नळकांडं आहे पण मला त्याच्यावर जास्त विश्वास आहे, कारण ते माझा रोजचा दम मोजतं, वर्षातला एक दिवस नाही.

केतकीचं_बन:

पारसिक, वाचून अंगावर काटा आला. तुमच्या बाबतीत जे झालं ते चूकच आणि ते मी नाकारत नाही. पण तो आकड्याचा दोष आहे का आकडा बघून तुमचं न ऐकणाऱ्याचा? मी "फक्त" आकडा बघा म्हणत नाहीये, मी म्हणतेय आकडा न बघता ठरवू नका.

आणि माणदेशी डॉक्टर, तुम्ही तंत्राचं म्हणालात तर एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती ती सांगते. ६२ आकडा आला तेव्हा त्या डॉक्टरांनीही डोस वाढवला नाही. ते म्हणाले पंप दाखवा. १२० पफचा पंप, १ तारखेला नवा उघडलेला, सकाळी दोन रात्री दोन. त्या दिवशी २१ तारीख. हिशेबाने मागच्या काउंटरवर ४० च्या आसपास उरायला हवे होते. तिथे होते ७६. म्हणजे निम्मेच घेतले होते! सकाळी पावणेसातला व्हॅन येते, मी डबा भरत असते, ओरडून विचारते पंप घेतलास का, तो आतून ओरडतो हो. आणि मी रोज विश्वास ठेवला. त्या दिवसापासून पंप माझ्या हातात, मी समोर बसून देते, दात घासायच्या आधी, म्हणजे चूळपण आपोआप भरली जाते. डोस तोच ठेवून ६२ चे २४ झाले.

डोस कमी करण्याचं म्हणाल तर न्यूझीलंडमधे ड्युनेडिनला ९७ पेशंटवर केलेला अभ्यास आहे, २००५ चा. आकडा बघून ज्यांचा डोस ठरवला त्यांना शेवटी दिवसाला सरासरी ३७० मायक्रोग्रॅम स्टेरॉईड लागलं आणि दुसऱ्या गटाला ६४१. अटॅक वाढले नाहीत. आई म्हणून मला हा फरक खूप मोठा वाटतो. मुलांना बरीच वर्षं रोज पंपातलं स्टेरॉईड दिलं तर मोठेपणी उंची सरासरी एक-सव्वा सेंटीमीटर कमी भरते हे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय. दमा मोकळा सोडण्यापेक्षा ते परवडलं हे मला मान्य आहे, मी पंप बंद करा कधीच म्हणणार नाही, पण कमीत कमी किती लागतं ते शोधायला काहीतरी मोजमाप हवं ना?

माणदेशी_डॉक्टर:

ताई, तुम्ही स्वतःच माझा मुद्दा सिद्ध केलात! ७६ हा आकडा पंपाच्या पाठीवर फुकट छापून येत होता. त्यासाठी मशीन कशाला? पंप दाखवा म्हणायला डॉक्टरला काही पैसे पडत नाहीत.

केतकीचं_बन:

आधीच्या डॉक्टरांनी तीन वर्षांत एकदाही पंप मागितला नाही. मलाही सुचलं नाही, कारण सगळं छान चाललंय असंच वाटत होतं. ६२ दिसला म्हणून ७६ कडे बघितलं गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी सोडणार नाही.

पीएफटी_रूम:

मी एका चेस्ट क्लिनिकमधे पीएफटी (फुफ्फुसांच्या कामाची तपासणी) आणि फेनो करते, रोजचे आठ-दहा पेशंट. दोन्ही बाजूंचं वाचलं. मला ज्याचं वाईट वाटतं ते वेगळंच आहे, ही टेस्ट नीट तयारीने करूनच घेत नाहीत आणि मग तिच्यावर भांडतात.

काल एक बाई आल्या, ८४ आला. परत केली, ८२. मी विचारलं सकाळी काय खाल्लं, तर पालकाचं थालीपीठ आणि बीटाची कोशिंबीर, डाएट चालू आहे म्हणून. पालक, बीट, मेथी, अशा नायट्रेटवाल्या भाज्यांनी आकडा वर जातो. त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं, पालेभाजी न खाता या म्हटलं, ४७ आला. तेच पेपरवर ८४ गेलं असतं तर? तसंच सर्दी चालू असताना, नाकाची अ‍ॅलर्जी खवळलेली असताना आकडा वर जातो, दमा असो नसो. येताना खाली टपरीवर सिगरेट मारून आले तर खाली येतो. आधी स्पायरोमेट्री (जोरात फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची टेस्ट) करून मग फेनो केली तरी खाली येतो, म्हणून मी फेनो नेहमी पहिली घेते, पण सगळीकडे घेतात असं नाही, मशीन रिकामं असेल ते आधी करून टाकतात. आणि उंच माणसाचा जरा जास्तच येतो.

म्हणून माझं मत, एकटा आकडा म्हणजे काहीच नाही, त्याच माणसाचा आधीचा आकडा हवा, शक्यतो त्याच मशीनवर. वहीत तीन-चार आकडे ओळीने असले की मग त्यातून काहीतरी बोलता येतं. मोठ्यांत २५ ते ५० च्या मधे आला तर डॉक्टरही म्हणतात जपून अर्थ लावा, आणि माझ्याकडे निम्मे आकडे त्याच मधल्या पट्ट्यात येतात. टेस्टला जाणाऱ्यांनी तासभर आधी काही खाऊ-पिऊ नका, धावत जिना चढून येऊ नका, आणि कुठला पंप किती वाजता घेतला ते लिहून आणा. एवढं जरी केलंत तरी माझं अर्धं काम होतं.

कोकणकन्या_८८:

गरोदरपणात कोणी केलीय का ही टेस्ट? मला पाचवा महिना आहे, दमा आहे आणि घरचे सगळे म्हणतायत पंप बंद कर बाळाला त्रास होईल.

माणदेशी_डॉक्टर:

ताई, पंप अजिबात बंद करू नका, घरच्यांना हे वाचून दाखवा. आईला अटॅक आला की बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, पंपापेक्षा तो धोका कितीतरी मोठा. टेस्टचं म्हणाल तर इथे मला प्रामाणिकपणे केतकीताईंच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ऑस्ट्रेलियात २२० गरोदर बायकांवर अभ्यास झाला होता, २०११ ला आला, तिथे फेनो बघून औषध ठरवल्यावर अटॅक निम्म्यावर आले. पण पुढे तिथेच सुमारे १२०० बायकांवर मोठा अभ्यास केला तेव्हा बाळाच्या बाबतीत, म्हणजे दिवस कमी भरणं, वजन कमी असणं यात काही फायदा दिसला नाही. तेव्हा टेस्ट झाली तर झाली, नाही झाली तर घाबरू नका. पंप नियमित आणि दर महिन्याला छातीच्या डॉक्टरांना दाखवणं हे मात्र चुकवू नका.

लेस्टरकर:

डॉक्टर, तुम्ही राॅसेनो सांगितलात तसा सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावापण घेतलाय, २०१६ चा कॉक्रेनचा (अभ्यास एकत्र तपासणारी संस्था), मोठ्यांचा वेगळा आणि मुलांचा वेगळा. दोन्हीत आकडा बघून उपचार केलेल्यांमधे अटॅक येणारे कमी होते. हो, रोजच्या लक्षणांत फरक नव्हता हेही त्यात आहे, मी लपवत नाही. पण तुम्हीच म्हणता की माणसं अटॅकनेच मरतात. मग अटॅक कमी होणं हीच तर मोठी गोष्ट ना? राॅसेनो त्याच्या नंतरचा आहे हे खरं, पण त्यातली बहुतेक मुलं आधीच हॉस्पिटलच्या देखरेखीखाली होती. जिथे आधीच लक्ष दिलं जातंय तिथे एक टेस्ट वाढवून काय मोठा फरक दिसणार, असं मला वाटतं.

माणदेशी_डॉक्टर:

आढावा मला माहीत आहे. पण त्यात लहान लहान अभ्यास एकत्र केलेत, प्रत्येकात आकड्याची रेघ वेगळी, कुठे १५ ला डोस वाढवला कुठे ३५ ला. मग राॅसेनो मोठा, एकाच पद्धतीने केलेला, त्याच्यावर मी जास्त भरवसा ठेवतो. तीव्र दमा, ज्याला वर्षाकाठी लाखांची इंजेक्शनं द्यायचा विचार चाललाय, तिथे फेनो कराच, माझा विरोध नाही. कुठलं इंजेक्शन लागू पडेल ते ठरवायला तिचा खरंच उपयोग होतो. मी बोलतोय ते साध्या दम्याबद्दल, जो शंभरातल्या नव्वदांना असतो.

पारसिक:

आणि मग रक्तातले इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, का नाही बघायचे? साध्या सीबीसीत येतात, दीडशे-दोनशे रुपयांत, गावोगावी होते.

माणदेशी_डॉक्टर:

करतो, पण आपल्याकडे त्यात जंतांचा घोळ असतो. पोटात जंत असले तरी ते वाढतात, विदर्भात हत्तीपायाच्या पट्ट्यात तर आणखीनच, तिथे नुसत्या त्या रोगाच्या जंतांनी दम्यासारखा खोकला आणि घरघर होते आणि तिथे औषधच वेगळं लागतं. इओसिनोफिल वाढलेत म्हणजे दमा, असं धरून चालत नाही.

भंडाऱ्याचा_पोर:

डॉक्टरसाहेब तुम्ही विदर्भाचं नाव काढलं म्हणून विचारतो. माझी माय ६१ वर्षांची आहे, पस्तीस-चाळीस वर्षं चुलीवरच स्वयंपाक केला, गॅस आत्ता आत्ता आला. दोन वर्षांपासून धाप लागते, धानाच्या मळणीच्या टायमाला जास्तच. तालुक्याला दाखवलं तर दमा म्हणाले, पंप दिला, थोडा फरक आहे पण पूर्ण नाही. आता नागपूरला एका ठिकाणी ही फेनो करा म्हणून सांगितलंय. हजार-बाराशेचा खर्च, जाण्यायेण्याची मजुरी बुडते ती वेगळी. करू का नको? इथलं सगळं वाचून डोकं गरगरायला लागलं.

केतकीचं_बन:

दादा मी टेस्टच्या बाजूने आहे पण तुमच्या आईच्या बाबतीत डॉक्टरांनीच सांगावं, चुलीच्या धुराचं वेगळं असू शकतं.

माणदेशी_डॉक्टर:

दादा, आधी स्पायरोमेट्री. चाळीस वर्षं चूल म्हटल्यावर हा दमाच आहे का धुराने फुफ्फुस झिजलंय ते आधी कळायला हवं, त्यात पंप मारायच्या आधी आणि नंतर अशी दोन वेळा फुंकायला लावतात. सरकारी मेडिकल कॉलेजात चेस्टच्या विभागात सहसा होते, तिथे चौकशी करा, खर्च फार येणार नाही. त्याच फेरीत त्याच ठिकाणी फेनोची सोय असेल तर करून घ्या, मी नको म्हणणार नाही, दमा किती आणि धूर किती याचा अंदाज लावायला मदत होईल. पण फक्त तेवढ्यासाठी वेगळी फेरी मारू नका. आणि मायला पंप बरोबर न्यायला सांगा, डब्यासकट, तिथल्या डॉक्टरांसमोर घेऊन दाखवू दे.

पीएफटी_रूम:

आणि दादा, दोन्ही होणार असतील तर तिथल्या टेक्निशियनला सांगा फेनो आधी घ्या. त्या दिवशी सकाळी पालेभाजी नको. सकाळचा पंप घ्यायचा का नाही ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा, स्पायरोमेट्रीसाठी काही पंप काही तास बंद ठेवावे लागतात पण ते विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने बंद करू नका.

भंडाऱ्याचा_पोर:

सोमवारी नेतो. पंप कसा घेते ते आत्ता तिला करून दाखव म्हटलं तर तिने तोंडापासून एक वीत लांब धरून मारला, अर्धा फवारा पदरावर. दोन वर्षं असाच घेत होती.

माणदेशी_डॉक्टर:

आजच मेडिकलमधून स्पेसर आणा, सोमवारची वाट बघू नका. त्याचं तोंडाकडचं टोक ओठांत घट्ट धरायचं, एक पफ मारायचा, सावकाश खोल श्वास घ्यायचा, दहापर्यंत मोजायचं, मग सोडायचा. दुसरा पफ त्यानंतर, दोन्ही एकदम नाही. शेवटी पाण्याने चूळ. इथे येऊन सांगा जमलं का.

केतकीचं_बन:

आणि स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट आला की तोही सांगा दादा. फेनो झाली तर आकडापण, मला खरंच जाणून घ्यायचंय.